विद्यापीठाचा आपत्ती आराखडा : पहिली दहा मिनिटं कुणाच्या हातात?

हलगेकर
नमस्कार मंडळी. महामार्गाला लागून, बेळगाव शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर असलेल्या विद्यापीठ परिसराचा आपत्ती आराखडा करायचा आहे. दोन वसतिगृहं (मिळून ६०० मुलंमुली), रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा, हजार खुर्च्यांचं सभागृह, तळघरात संदर्भ ग्रंथालय, मागच्या अंगाला नाला. मसुदा ८४ पानांचा आहे. त्यात समिती आहे, उपसमित्या आहेत, उपसमित्यांची आढावा समिती आहे. अध्यक्ष कुलगुरू, सचिव कुलसचिव.

माझं म्हणणं, रात्री दोन वाजता कुलसचिव घरी असतात, जागेवर असतो तो पहारेकरी. म्हणून आराखडा त्याच्यापासून सुरू व्हावा. समितीतल्या काहींना हे मान्य नाही. खाली अधिकार दिले तर कोणीही उठून परिसर रिकामा करायला लावेल, असं त्यांना वाटतं. जाणकारांनी मत द्यावं. आणि ८४ पानांतलं ठेवायचं काय?

कुंदा_आणि_चहा
आढावा समिती हीच पहिली आपत्ती की हो. आधी ती रिकामी करा.

रंगराव_अग्निशमन
हलगेकर, तुमचं बरोबर आहे, पण "अधिकार पहारेकऱ्याला" एवढं मोघम लिहू नका. तीनच कामं, कुलगुरूंच्या सहीनिशी, कुणालाही न विचारता करायची : घंटा वाजवणं, ११२ ला फोन, कुलपं उघडणं. सुट्टी जाहीर करणं, परीक्षा पुढे ढकलणं, पत्रकारांशी बोलणं, खर्चाला मंजुरी हे सगळं वर राहू दे. त्याची घाई पहिल्या दहा मिनिटांत नसतेच. वॉर्डन किंवा मोठा अधिकारी आला की तोंडाने स्पष्ट म्हणायचं, "आता सूत्रं माझ्याकडे." हे न म्हटल्याने दोघे दोन दिशांनी मुलांना पळवतात.

आता कुलपं. वसतिगृहाचा सरकता लोखंडी दरवाजा रात्री कुलूपबंद, किल्ली वॉर्डनच्या खिशात, वॉर्डन जेवायला गावात. आगीत माणसं ज्वाळांआधी धुराने जातात आणि धूर जिना काही मिनिटांत भरतो. किल्ली शोधायला तेवढाही वेळ मिळत नाही. प्रत्येक बाहेरच्या दरवाजाजवळ आतल्या बाजूला काचेच्या झाकणाची किल्लीपेटी हवी, दुसरा संच गेटवर हवा, किल्लीला इमारत-मजला-दार असा पत्र्याचा बिल्ला हवा. खिडक्यांना जाळ्या असतील तर प्रत्येक मजल्यावर निदान एक जाळी आतून उघडणारी, बिजागरीची करा. सुरतच्या कोचिंग क्लासची आग आठवा, २४ मे २०१९. २२ जण गेले. खाली यायची वाट बंद झाली म्हणून मुलांनी वरून उड्या मारल्या.

अग्निशामक नळकांड्यांबद्दल थोडक्यात. ६ किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं पंधरा-वीस सेकंदांत संपतं. ते कचरापेटीएवढ्या आगीसाठी आहे, खोली पेटल्यावर त्याचा उपयोग नाही. आयएस २१९० या भारतीय मानकाप्रमाणे कुठूनही १५ मीटरच्या आत एक सापडलं पाहिजे. पावडरवाल्याचा काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघा. कार्बन डायऑक्साइडवाल्याला काटाच नसतो, ते वजन करून तपासतात. वायूचं वजन १० टक्क्यांनी घटलं की भरायला पाठवा. बहुतेक ठिकाणी "तपासले" ची चिठ्ठी लागते, पण तराजू कुणी आणलेलाच नसतो.

आणि एक. विद्यापीठांना स्वागतकमानीचं भारी वेड. कमानीखाली साडेचार मीटर मोकळी उंची नसेल तर बंब बाहेरच उभा राहील आणि लांबून नळी ओढावी लागेल.

निपाणी_नाका
रंगराव, पहारेकरी कंत्राटी असतो. एजन्सी बदलली की माणूस बदलतो. ज्याला परिसराच्या इमारतींची नावंही माहीत नाहीत त्याच्या हातात पहिली दहा मिनिटं?

रंगराव_अग्निशमन
@निपाणी_नाका, म्हणूनच कार्ड. माणूस बदलतो, चौकी बदलत नाही. चौकीत भिंतीला एकच पान, कन्नड आणि मराठी दोन्हीत, वर परिसराचा नकाशा आणि इमारतींवर मोठे आकडे. आकडे इमारतींच्या भिंतींवरही रंगवा. "शांतला ब्लॉक" आणि "बसव ब्लॉक" नव्याला कळत नाही, "इमारत ४" कळते. कंत्राटात एक ओळ घाला : नव्या माणसाने पहिल्या पाळीत कुलपं उघडून दाखवल्याशिवाय हजेरी नाही.

खानापूर_रेंज
११२ बद्दल सीमाभागातली एक गोष्ट मसुद्यात हमखास नसते. निपाणी, चंदगड, कागलच्या पट्ट्यात मोबाइल कधी पलीकडचा टॉवर पकडतो, मग ११२ चा फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. ते फोन पुढे वळवतात, पण मिनिटं जातात. म्हणून पहिलं वाक्य "आग लागली" नको. "कर्नाटक, बेळगाव जिल्हा, अमुक तालुका, महामार्ग ४८, किलोमीटर दगड अमुक, विद्यापीठाचं मुख्य गेट" हे आधी, मग काय झालं ते. कार्डावर जवळच्या अग्निशमन ठाण्याचा थेट लँडलाइनही लिहा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ मोबाइलवरून लावताना पुढे ०८३१ जोडा.

कुंदा_आणि_चहा
म्हणजे आग बेळगावात, बंब कोल्हापुरात. सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात पडून आहे तो वेगळाच.

घटप्रभा_काठ
पुराविषयी. ८४ पानांत कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचे नकाशे नक्की असतील. ते काढून टाका असं नाही म्हणत, पण तुमच्या परिसराला धोका नदीचा नाही, मागच्या नाल्याचा आहे. नदीचं पाणी चढायला तास लागतात, धरणाच्या विसर्गाची सूचना मिळते. नाला एका वळवाच्या पावसात चढतो आणि त्याची सूचना कुणीच देत नाही. नाल्यावरच्या मोरीच्या भिंतीवर तीन पट्टे रंगवा : पिवळा, केशरी, लाल. पिवळा बुडाला की तळघर रिकामं. केशरीला तळमजल्याचा वीजपुरवठा बंद, गाड्या वरच्या पार्किंगला. लालला तळमजल्यावरची मुलं वर. पट्टे कुठे मारायचे हे अंदाजाने ठरवू नका. तळघराच्या उताराची पातळी लेव्हल लावून मोरीपर्यंत आणा आणि पिवळा तिच्या निदान दोन फूट खाली घ्या. जूनआधी मोरीतला गाळ आणि प्लास्टिक काढलेलं नसेल तर पट्ट्यांना अर्थ नाही. मोरी तुंबली की खालच्या बाजूला पाणी कमी दिसतं आणि वर तळं होतं.

नदीचा संबंध येतो तो रस्त्यांमुळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महामार्ग कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या पाण्याने बंद होता, निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी. अशा वेळी सगळ्यात वाईट निर्णय म्हणजे घाबरून वसतिगृह रिकामं करून मुलांना गावी पाठवणं. ती वाटेत अडकतात आणि मग ना विद्यापीठाच्या हिशोबात असतात ना घरच्यांच्या. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीला आयर्विन पुलाशी ४० आणि ४५. नियम असा ठेवा : राजारामला ३९ च्या खाली पाणी आहे तोवरच कोल्हापूरकडच्यांना जायची मुभा, त्यावर गेलं की सगळे आत आणि खानावळ चालू. गोकाककडच्या मुलांसाठी हिडकल धरणाचा विसर्ग पाहा.

ग्रंथपाल_बाई
तळघराबद्दल घटप्रभा यांना दुजोरा. दिल्लीत राजेंद्रनगरला २७ जुलै २०२४ ला तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. दाराशी पाणी साचलं की दार पाण्याच्या दिशेने ढकलून उघडत नाही, आणि आत उघडणारं असेल तर उघडताच लोंढा अंगावर येतो. तळघराला एकाच जिन्यावर परवानगी असेल तर वाचनकक्ष वर हलवा आणि खाली फक्त जुनी नियतकालिकं ठेवा. तीही सर्वात खालच्या फळीवर नकोत. बोटाच्या ठशाने उघडणारं दार असेल तर वीज गेल्यावर ते उघडं राहतं की बंद, हे आजच मुख्य स्विच पाडून बघा. बसवणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

वायरमन_७७
ग्रंथपाल ताई, दाराचा हिशोब देतो. ९० सेंटिमीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी उभं राहिलं की दारावर ११० किलोच्या आसपास जोर येतो. पाऊण मीटरला अडीचशेच्या जवळ. पाणी दीडपट झालं की जोर सव्वादोनपट होतो. म्हणून "पाणी आलं की बाहेर पडू" हा विचारच चुकीचा.

आता जनरेटर. आराखड्यात "१२५ केव्हीएचा जनरेटर उपलब्ध" एवढंच असतं. तीन प्रश्न विचारा. कुठे ठेवलाय? (तळघरात असेल तर तो पुरात सगळ्यात आधी जाणार.) डिझेल किती? पाऊण लोडला तासाला २० लिटरच्या आसपास धरा, म्हणजे २०० लिटरचं पिंप दहा तासही जेमतेम. तिसरा, स्टार्टरची बॅटरी कधी बदलली? ऐन वेळी जनरेटर चालू न होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बॅटरी. महिन्याला अर्धा तास चालवा, पण रिकामा नको. लोडवर चालवला तरच बदलीचा स्विच (मेनवरून जनरेटरवर नेणारा) अडकतोय का ते कळतं. पाणी उपसायचा पंप जनरेटरच्या लाइनवर आहे का तेही बघा. बऱ्याच ठिकाणी प्रशासकीय इमारतीचे एसी लाइनवर असतात, पंप नसतो.

कुंदा_आणि_चहा
साहेब गार राहिले पाहिजेत, पाणी काय, ओसरतंय की आपोआप.

प्रयोगशाळावाली
रसायनाच्या भांडाराकडे कुणी वळलं नाही अजून. बाटल्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावणं ही महाविद्यालयांची जुनी खोड. त्यात ॲसिटोन आणि आम्लं शेजारी येतात. नायट्रिक आम्ल ॲसिटोन किंवा अल्कोहोलशी मिसळलं तर स्फोटापर्यंत जातं. गटाने लावा : आम्लं वेगळी आणि त्यात नायट्रिक आणखी वेगळं, अल्कली वेगळे, पेट घेणारे द्रव वेगळ्या लोखंडी कपाटात, ऑक्सिडीकारक एकटे. प्रत्येक गटाखाली प्लास्टिकचा खोल ट्रे.

पूर आणि आग यांचा इथे एक झगडा आहे. आम्लाच्या बाटल्या सुरक्षिततेसाठी डोळ्यांच्या पातळीखाली ठेवतात. पण तळमजल्यावर पाणी शिरलं तर खालचंच आधी बुडतं. सोडियम पाण्यात गेलं तर पेटतं, कॅल्शियम कार्बाइडातून पेट घेणारा वायू निघतो. तेव्हा उंची बदलत बसू नका, भांडारच पहिल्या मजल्यावर न्या. सोडियमच्या आगीला पाणी, एबीसी पावडर, कार्बन डायऑक्साइड तिन्ही चालत नाहीत, कोरडी वाळू लागते. बेळगावच्या पावसाळ्यात उघड्या बादलीतली वाळू जुलैत दमट होते. झाकणाचा डबा ठेवा आणि वाळू दर पावसाळ्याआधी भाजून घ्या.

डोळे धुण्याच्या नळाला १५ मिनिटं सलग धार हवी. नळ आठवड्याला सोडला नाही तर पहिल्यांदा गंजाचं पाणी येतं. हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल, नसेल तर ते आम्लच विकत घेऊ नका. आणि बंबवाल्यांसाठी दाराबाहेर एक कागद : आत काय, किती, कुठल्या कोपऱ्यात.

रंगराव_अग्निशमन
ताईंचा शेवटचा मुद्दा सोन्याचा. खोलीत काय आहे ते कळलं नाही तर आमची माणसं दारातच थांबतात, आणि थांबायलाच हवं.
खानावळीचं राहिलं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो, गटारीत उतरतो. १९ किलोच्या पाच टाक्यांपर्यंत परवाना लागत नाही (मर्यादा १०० किलो), सहावी आली की बेकायदा. पुरात रिकाम्या टाक्या तरंगतात, साखळीने बांधा.

निपाणी_नाका
गर्दीवर या. युवा महोत्सवाला बाहेरची मुलं येतात, हजाराचं सभागृह असलं तरी दोन हजार येतात.

खानापूर_रेंज
@निपाणी_नाका, कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला नेमकं हेच झालं. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाऊस आला, बाहेर थांबलेले आडोशासाठी आत घुसले, आत उतरत्या पायऱ्या, चौघे गेले. म्हणजे जीवघेणी गर्दी बाहेर पडताना होते असं नाही, आत येतानाही होते. दारं कार्यक्रमाच्या दीड तास आधी उघडा, दाराच्या लगेच आत पायऱ्या असतील तर तो दरवाजा प्रवेशाला वापरू नका, आणि पावसात कुठे थांबायचं ते आधी सांगून मांडव घाला.

रुंदीचा हिशोब राष्ट्रीय इमारत संहितेत आहे : सपाट वाटेला माणशी ६.५ मिलिमीटर, जिन्याला १० मिलिमीटर. हजारांना दारांची मिळून साडेसहा मीटर. कागदावर चार दुहेरी दारं असतात, प्रत्यक्षात प्रत्येकाची एक फळी वरखाली कडी लावून बंद. म्हणजे निम्मी रुंदी गेली. कार्यक्रमाआधी कड्या काढल्याची सही कुणाची, हे ठरवा.

कुंदा_आणि_चहा
आणि बिबट्या? २०२२ च्या ऑगस्टात बेळगावच्या गोल्फ मैदानावर बिबट्या बसला होता, आसपासच्या शाळांना सुट्ट्या. ८४ पानांत बिबट्या आहे काय?

खानापूर_रेंज
हसण्यावारी नको, खानापूर आणि भूतरामनहट्टी दोन्हीकडे जंगल लागून आहे. बिबट्यासाठी नियम सोपा : वनखात्याला फोन, मुलं खोल्यांत, मोबाइल घेऊन घोळका बंद. माणसं गोळा झाली की जनावराची वाट बंद होते आणि तेव्हाच हल्ला होतो. रात्रीचं खरकटं उघड्यावर टाकलं की कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे हाही खानावळीचाच विषय.

दवाखाना_नंदगड
बिबट्यापेक्षा साप जास्त. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही आहेत. आराखड्यांत "विद्यापीठ दवाखान्यात सर्पदंशाची लस ठेवावी" असं लिहितात. ठेवू नका. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, तीव्र ॲलर्जी येऊ शकते, तेव्हा ॲड्रेनॅलिन आणि श्वास देण्याची सोय हवी. तुमचं काम पेशंटला लस असलेल्या दवाखान्यात लवकर पोचवण्याचं. दंशाचा अवयव फळकुटाने स्थिर, आवळपट्टी नाही, चिरा नाही, पेशंटला चालवायचं नाही, अंगठ्या-कडी काढायची. मण्यार झोपेत चावते, खूण जवळपास दिसत नाही. पहाटे पोटदुखी आणि पापण्या जड होत असतील तर वॉर्डनने सापाचाच संशय घ्यावा.

दुसरं, पाणी. पुरात अडकलेल्या ६०० मुलांना माणशी १५ लिटर धरलं तर दिवसाला ९,००० लिटर. टँकरच्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला १,००० लिटरमागे अडीच ग्रॅमपासून ताजी ब्लीचिंग पावडर घालून सुरुवात करा, अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपने (उरलेला क्लोरीन मोजायचा संच) मोजा, लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी आलं तर वाढवा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निम्मी मेलेली असते, म्हणून ग्रॅमपेक्षा मोजणीवर विश्वास ठेवा. आणि खानावळीने प्रत्येक जेवणाचा नमुना २४ तास फ्रिजमध्ये ठेवावा. एकदम पन्नास मुलांना उलट्या लागल्या तर कारण त्यातूनच सापडतं.

हलगेकर
भरपूर मिळालं. सराव सांगून करायचा की न सांगता? समितीत यावरही दोन तट आहेत.

निपाणी_नाका
न सांगता. सांगून केला की मुलं आधीच चपला घालून बसतात.

रंगराव_अग्निशमन
असहमत. न सांगता पहिलाच सराव केला तर जिन्यात चेंगराचेंगरी तुम्हीच घडवाल. पहिला सांगून, दिवसा, एकाच इमारतीत. दुसरा त्या आठवड्यात कधीतरी, वेळ न सांगता. तिसरा रात्री, फक्त पहारेकरी आणि वॉर्डनचा, मुलांना न उठवता : किल्ली सापडते का, कुलूप उघडतं का, फोनवर पत्ता नीट सांगतो का. घड्याळ लावून. सगळं या तिसऱ्यातच उघडं पडतं. प्रत्येक वेळी ११२ आणि अग्निशमन ठाण्याला आधी कळवा, नाहीतर खरा बंब येईल.

जमायची जागा इमारतीच्या उंचीहून लांब, रोहित्राखाली नको, बंबाच्या वाटेवर नको. मोजणी छापील यादीवरून. बायोमेट्रिक हजेरी वीज गेली की गेली. रोज रात्री साडेनऊची यादी वॉर्डनने छापून चौकीत ठेवायची, सुट्टीवर गेलेल्यांवर काट मारून. कोण आत राहिलं हे सांगता आलं नाही तर आमची माणसं रिकाम्या खोल्या धुंडाळत बसतात.

वायरमन_७७
भोंगा मेन लाइनवर असेल तर वीज गेली की मुका. बॅटरीचा घ्या, शिवाय प्रत्येक मजल्यावर एक पितळी घंटा.

कुंदा_आणि_चहा
देवळातली काढून आणूलालाय काय? ट्रस्टी सोडायचे नाहीत.

प्रयोगशाळावाली
मूळ प्रश्नाकडे. हलगेकर सर, "कोणीही उठून परिसर रिकामा करेल" या भीतीला उत्तर द्या, नाहीतर समिती मानणार नाही. पहारेकऱ्याला परिसर रिकामा करायचा अधिकार देऊच नका, एक इमारत रिकामी करायचा द्या. खोटी घंटा झाली तर त्या इमारतीतली मुलं वीस मिनिटं मैदानात उभी राहतात, एवढंच नुकसान. पण खोट्या घंटेबद्दल पगार कापणार नाही हे आदेशात लिहा. ते लिहिलं नसेल तर तो धूर दिसल्यावरही आधी फोन करून विचारेल.

हलगेकर
हे पटण्यासारखं आहे. कार्डाचा मजकूर रंगराव तुम्हीच टाका ना.

रंगराव_अग्निशमन
घ्या. कन्नड बाजू तुमच्याकडच्या कुणाकडून करून घ्या.

"१. धूर, आग, आत शिरणारं पाणी किंवा आरडाओरडा : त्या इमारतीची घंटा वाजव. विचारू नकोस.
२. ११२. आधी सांग : कर्नाटक, बेळगाव जिल्हा, तालुका, महामार्गाचा दगड, गेट. मग काय झालं, इमारतीचा आकडा. समोरच्याने ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवू नकोस. मग अग्निशमन ठाण्याचा लँडलाइन.
३. किल्लीपेटी. त्या इमारतीची सगळी बाहेरची दारं.
४. वॉर्डनला फोन. उचलला नाही तर पुढच्या क्रमांकाला.
५. मुख्य गेट उघडं, एक माणूस महामार्गावर टॉर्च घेऊन."

खानापूर_रेंज
चौथ्यात माणसांची नावं नकोत, पदं आणि पदाचेच मोबाइल क्रमांक. बदली झाली की सिम पुढच्याकडे. नाहीतर सहा महिन्यांत फोन धारवाडला लागतो.

वायरमन_७७
पाचव्यासाठी टॉर्चचे सेल कोण बदलतो ते लिहा. आणि दोन टॉर्च.

हलगेकर
सोमवारच्या बैठकीत हे पान पहिलं ठेवतो, ८४ पानं परिशिष्ट म्हणून मागे. सेल भांडारपालाकडे, दर महिन्याच्या एक तारखेला.

कुंदा_आणि_चहा
भांडारपालाला तीन कोटेशन लागतील बघा सेलला.